प्रियदर्शनीची मंजुरी

सकाळी डोळे उघडले की प्रियदर्शनी आधी रीताचं पान बघायची. देवाला हात जोडणं, चहा, हरीशचा डबा हे सगळं त्यानंतर. गिटहब म्हणजे प्रोग्रॅमर लोक आपला कोड ठेवतात ती वेबसाइट. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाचं असं एक पान असतं आणि त्यावर वर्षभराच्या दिवसांच्या बारीक चौकटी मांडलेल्या असतात. ज्या दिवशी काम पाठवलं, त्या दिवसाची चौकट हिरवी होते. काम जास्त झालं तर हिरवा रंग गडद होतो. रीता आडेचं पान म्हणजे चांगल्या उगवणीचं सोयाबीन. प्रियदर्शनीच्या पानावर मात्र जागोजागी नांग्या पडलेल्या, बी न उगवलेल्या रिकाम्या जागांसारख्या. अंथरुणात बसल्या बसल्या ती दोन्ही पानं आलटून पालटून बघायची आणि दिवस सुरू व्हायच्या आतच तिचं तोंड कडू व्हायचं.

तसं बघायला गेलं तर रीताला या कामात आणलं होतं तिनेच.

प्रियदर्शनी गोरेगावच्या रामकिशनरावांची लेक, आखाडा बाळापूरला दिलेली. नांदेडला इंजिनिअरिंग, मग काही वर्षं पुण्यात नोकरी. लग्न ठरलं तेव्हा कंपनीने घरूनच काम करायची मुभा दिली. कंपनी जनावरांच्या दवाखान्यांसाठी अ‍ॅप बनवायची. गाय-म्हैस नोंदवली की लसीची तारीख जवळ आल्यावर मालकाच्या मोबाईलवर आपोआप निरोप जायचा. हरीशचं मोठ्या रस्त्यावर जळालेल्या पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरून द्यायचं दुकान होतं. त्या दुकानावरच्या खोलीत प्रियदर्शनीचं टेबल. खालून ट्रक गेला की खिडकीची काच थरथरायची. तिला त्याची सवय झाली होती.

रीता साखऱ्याजवळच्या तांड्यावरची, मोहनसिंग आडेंची मुलगी. नांदेडच्या त्याच कॉलेजात प्रियदर्शनीच्या बरीच वर्षं मागे. शिक्षण झाल्यावर ती घरी बसून होती. गोरेगावात एका लग्नात दोघींची गाठ पडली तेव्हा हात धुताना रीता म्हणाली होती, "ताई, मलाबी कुठंतरी चिकटवा की. घरी बसून बसून डोकं फिरायची वेळ आली." प्रियदर्शनीने पुण्याच्या साहेबांपाशी शब्द टाकला. "माझी धाकटी बहीणच समजा," असं म्हणाली. पहिले काही महिने रोज फोनवर बसून तिला एकेक गोष्ट शिकवली. तांड्यावर रेंज टिकत नव्हती म्हणून रीताने गोरेगावात एका कृषी सेवा केंद्राच्या वरची खोली भाड्याने घेतली. तीसुद्धा रामकिशनरावांनीच बघून दिली होती.

तेव्हा प्रियदर्शनीला मोठं बरं वाटायचं. कुणीतरी आपल्याकडे मान वर करून बघतंय याचं ते बरं वाटणं होतं, हे तिला पुढे कळलं.

वर्षभरात चित्र पालटलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब रीताचं नाव घ्यायला लागले. आधी कधीतरी, मग दर आठवड्याला. "रीताने तेही उरकलं? वा!" असं ते म्हणायचे. प्रियदर्शनी सकाळी सातला बसायची ती रात्री जेवणाच्या ताटावरूनही मोबाईल बघायची. आणि रीता? तिचं काम संध्याकाळी पाचला बंद. पाचनंतर तिच्या नावापुढे एक ओळ दिसायची: "विहिरीवर आहे. उद्या बोलू." तांड्यावर काकाच्या मळ्यात विहीर होती आणि रीता तिथे पोहायला शिकत होती. बाई, नोकरी करणारी मुलगी, आणि स्कूटीवर बसून विहिरीत पोहायला जाते! त्या ओळीवर नजर गेली की प्रियदर्शनी मिटायला घेतलेला लॅपटॉप पुन्हा उघडायची. मग ती मुद्दाम आणखी तासभर बसायची, हातात काम नसलं तरी.

आता या कामाची एक रीत असते. सगळ्या अ‍ॅपचा कोड एकाच ठिकाणी, गिटहबवर. कुणीही काही बदल केला तर तो थेट त्यात मिसळत नाही. दुसऱ्या कुणीतरी तो वाचायचा, चूक असेल तर खाली लिहायचं आणि सगळं ठीक असेल तर मंजुरीचं बटण दाबायचं. रीताचे बदल वाचायचं काम होतं प्रियदर्शनीकडे.

तिथे तिने हात आखडता घ्यायला सुरुवात केली.

पहिल्यांदा तिला स्वतःलाही ते नीट कळलं नाही. एक बदल दोन दिवस तसाच पडू दिला. "वेळ झाला नाही गं," म्हणाली. मग वाचायला घेतलं की लिहायची, हे नाव बदल. इथे एक ओळ मोकळी सोड. हे असं का केलं, तसं का नाही केलं? शेरे वाढत गेले. खरी चूक एखादी, बाकी नुसतं बोट ठेवणं. आणि रीताकडून दर वेळी तेच गोड उत्तर यायचं: "बरं ताई, बदललं. लक्षात आणून दिल्याबद्दल धन्यवाद." त्या धन्यवादाने प्रियदर्शनी आणखी चिडायची. ही पोरगी चिडत कशी नाही?

पुढे पुढे तिने स्वतःच्या चौकटी हिरव्या करायला सुरुवात केली. एक पूर्णविराम बदलायचा आणि पाठवायचा. मग तोच पूर्णविराम पुन्हा होता तसा करायचा आणि पाठवायचा. दुसऱ्या दिवशी चौकट हिरवी दिसायची आणि ती बघून तिला आपलीच शरम वाटायची. तरी ती थांबली नाही.

होळीनंतरच्या सोमवारी साहेबांनी जाहीर केलं, "या शुक्रवारी रीता आपल्या सगळ्यांना सांगणार आहे, गिटहबवर काम लवकर कसं उरकायचं ते. तिच्या काही युक्त्या आहेत. सगळ्यांनी यायचं."

प्रियदर्शनीने कॅमेरा बंद केला. रागाने डोळ्यांत पाणी आलं होतं. हिला माऊस धरायला शिकवला मी. आता ही मला शिकवणार?

जेवताना तिने हरीशला सांगितलं. "मला तर वाटतं, हिचं काम दुसराच कुणीतरी करून देतो. हिचा भाऊ हैदराबादला आहे ना, जगन. तोच करत असणार. न्हाईतर इतकं कसं होतं? मी बारा-बारा तास बसते."

हरीश भाकरी मोडत म्हणाला, "तू त्या पोरीचं नाव दिवसातून माझ्यापेक्षा जास्त घेऊन राहिली."

"तुमाला मस्करी सुचते."

"मस्करी न्हाई. जाऊन बघ की एकदा. माहेर तिथंच तर आहे तुझं."

सासूबाई आशाबाईंनी वाटीत वरण वाढता वाढता दुजोरा दिला. "जा. दोन दिस राहून ये. तोंड बघ कसं उतरलंय. हरीशचं जेवण मी बघते."

त्यांना वाटलं सुनेला माहेरची आठवण येतेय. प्रियदर्शनीने ते तसंच वाटू दिलं.

मंगळवारी दुपारी ती लॅपटॉपची बॅग घेऊन निघाली. बाळापूरहून एसटीने हिंगोली, हिंगोलीहून सेनगाव, तिथून जीपने गोरेगाव. जीपमध्ये मांडीला मांडी लावून बसलेल्या बायकांमध्ये ती सगळ्या वाटेने एकाच गोष्टीचा विचार करत होती: आपण दारात उभ्या राहिल्यावर रीताचा चेहरा कसा पडेल.

बुधवारी सकाळी ती न सांगता कृषी सेवा केंद्राचा जिना चढली.

रीताचा चेहरा पडला नाही. ती ओरडलीच, "अगं बाई, ताई! तुमी? या ना, या! काल सांगायचं न्हाई का, मी घ्यायला आली असती स्टँडवर." तिने खुर्ची पुसली, स्वतः प्लास्टिकच्या स्टुलावर बसली. खोलीत एक टेबल, एक जुना इन्व्हर्टर, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. कोपऱ्यात तिची आई भिकाबाई भाकरी-वांग्याचं गाठोडं सोडत होती. तांड्याहून सकाळच्या जीपने आली होती. प्रियदर्शनी कोण हे कळल्यावर ती उठली, आणि प्रियदर्शनीने नको नको म्हणायच्या आत तिच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडकड बोटं मोडली.

"तुमी लेकराला मार्गी लावलं, बाई. तिच्या बापाच्या तोंडी सारखं तुमचंच नाव असतं."

प्रियदर्शनीने बॅग टेबलावर ठेवली. ती म्हणाली, "तिचं तिनंच केलं सगळं." आणि ते वाक्य आपल्या तोंडून निघालं याचाही तिला राग आला.

"मी आज इथंच बसते तुझ्याजवळ," ती रीताला म्हणाली. "माहेरी नेट चालेना गेलंय." नेट चांगलं चालत होतं.

दिवसभर ती बघत राहिली. आपलं काम उघडं ठेवून तिरक्या नजरेने रीताचा पडदा बघत राहिली. भावाचा फोन येईल, कुठून तरी तयार कोड येईल, काहीतरी सापडेल.

काही सापडलं नाही. सापडलं ते फार साधं होतं. रीता एखादं काम हातात घेताना कोड लिहायच्या आधी तीन-चार ओळींत मराठीतच लिहून काढायची, काय करायचंय आणि कशासाठी. मग तेवढंच करायची. वाटेत दुसरी चूक दिसली तर तिला हात न लावता वेगळी टिपून ठेवायची. झालं की लगेच पाठवायची, मुठीत मावेल एवढा छोटा बदल. पाठवला की गिटहब आपोआप त्याच्या तपासण्या चालवायचं आणि तोवर ही पुढच्या कामाला लागलेली. माऊसकडे तिचा हात क्वचित जायचा, फाइल शोधणं, उघडणं, सगळं कीबोर्डवरच, बोटांवर. आणि दिवसभर टुणटुण येणाऱ्या सूचनांकडे ती बघायचीच नाही. जिथे तिला नाव घेऊन विचारलंय तेवढंच सकाळी एकदा वाचायची, बाकी सगळं ठरावीक वेळी.

प्रियदर्शनीला आठवलं, आपण दर दोन मिनिटांनी त्या घंटीवर जातो. आठवडा-आठवडा एकच भलंमोठं काम उराशी धरून बसतो आणि मग एकदम पाठवतो, वाचणाऱ्याला धाप लागेल असं. तिला वाटलं होतं की चोरी सापडली म्हणजे जीव थंड होईल. चोरी नाही हे बघून जीव जास्त जळला.

चारच्या सुमारास खालून दुकानदाराने हाक मारली. भिकाबाईची परतीची जीप लागली होती. रीता आईला सोडायला खाली गेली. तिचा लॅपटॉप उघडाच होता.

डाव्या बाजूला तिने सूचनांचे कप्पे पाडले होते, प्रत्येकाला नाव दिलं होतं. "आज". "दवाखान्याच्या तक्रारी". "नंतर". आणि सगळ्यात खाली: "प्रियाताई, चार वाजता".

प्रियदर्शनीने त्यावर बोट नेलं. तिचे सगळे शेरे त्या एका कप्प्यात गोळा होते. तिने एकावर उत्तर लिहायची जागा उघडली. रीताने आधीच लिहून साठवून ठेवलेली तयार उत्तरं समोर आली. पहिलंच होतं, "बरं ताई, बदललं. लक्षात आणून दिल्याबद्दल धन्यवाद."

तर तो गोडवा असा होता. एक बटण दाबलं की येणारा.

रीता वर आली तेव्हा प्रियदर्शनी पडद्याकडे बोट करून बसली होती. "हे काय आहे?"

रीताने पडदा बघितला. खोटं बोलायचा तिने प्रयत्नही केला नाही. स्टूल ओढून बसली आणि ओढणीच्या टोकाशी खेळत म्हणाली, "ताई, राग येऊ देऊ नका. पोळ्याच्या टायमाला मी ते मोठं काम केलं होतं ना, दवाखान्याच्या रांगेचं? आठवडाभर तुमी ते तसंच ठेवलं. मग एवढे शेरे लिहिले की मला वाटलं, आपल्याला काही येतच न्हाई. दोन दिवस जेवण गेलं न्हाई मला. आमच्या याडीला, आईला वाटलं, तापच आला."

"मग बोलली काहून न्हाई?"

"कुणाला बोलू? तुमीच तर कामाला लावलं मला." रीताने ओढणी सोडली. "मग मी ठरवलं, काम तुकड्या-तुकड्यानंच पाठवायचं. लहान तुकड्यात तुमाला बोट ठेवायला जागाच ऱ्हात न्हाई. काहून केलं हे आधीच लिहून ठेवायचं, म्हंजे तुमी विचारायच्या आत उत्तर तयार. अन् तुमचे शेरे दिवसभर वाचले की माझं काम व्हायचं न्हाई. म्हणून चार वाजता. तुमच्या दहा शेऱ्यांत दोन खरे असतात, ताई. ते दोन दुसऱ्या कुणालाच दिसत न्हाईत. त्यासाठी मी सगळे वाचते. बाकीच्या आठांना ते बटण."

खाली जीप निघून गेल्याचा आवाज आला.

"म्हंजे शुक्रवारी तू जे सांगणार आहेस," प्रियदर्शनी सावकाश म्हणाली, "ते सगळं माझ्या जाचातून आलंय."

"तुमचं नाव न्हाई घेणार मी."

यापेक्षा तिने नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. प्रियदर्शनीने बॅग भरली. जिना उतरताना तिला एवढंच वाटत होतं की हिने आपल्याला माफ करायला नको होतं. माफ करण्याएवढी मोठी ती कधी झाली?

शुक्रवारी प्रियदर्शनी बाळापूरला आपल्या टेबलाशी होती. रीता छान बोलली. साधं, अडखळत, पण प्रत्येकाला आपलं वाटेल असं. साहेबांनी शेवटी विचारलं, "हे छोटे तुकडे करायचं तुला सुचलं कसं?" मग रीता म्हणाली, "असंच सर. सवय लागली." सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. प्रियदर्शनीनेही एक पाठवलं. बटण तर दाबावंच लागतं.

त्याच दुपारी रीताचा एक बदल मंजुरीला आला. वासरांच्या लसीचा. मादी वासरांना एक लस ठरावीक वयातच द्यावी लागते. ते वय टळलं की मग ती देता येत नाही. तिची आठवण मालकाला वेळेवर जावी म्हणून तारीख काढायचा हिशेब रीताने नव्याने लिहिला होता. नेहमीपेक्षा मोठा बदल होता आणि घाईत केलेला दिसत होता. कौतुकाच्या दिवशी माणसाचा हात जरा सैल सुटतोच.

प्रियदर्शनीने वाचायला घेतलं आणि तिला चूक दिसली. रीताने वय वासराच्या जन्मापासून न धरता अ‍ॅपमध्ये नोंद झाल्या दिवसापासून धरलं होतं. घरच्या वासराची नोंद जन्मल्याबरोबर होते, तिथे फरक पडला नसता. पण बाजारातून विकत आणलेल्या, उशिरा नोंदलेल्या वासराच्या मालकाला निरोप जाईपर्यंत वय निघून गेलेलं असणार. आपोआप चालणाऱ्या तपासण्याही रीतानेच त्याच हिशेबाने लिहिल्या होत्या, म्हणून त्या सगळ्या हिरव्या दाखवत होत्या.

ही खरी चूक होती. अशी दुसऱ्या कुणालाच दिसली नसती.

तिच्या अंगात एक ऊब पसरली. किती महिन्यांनी तिला इतकं मोकळं वाटत होतं. शेरा लिहिला तर रीता पाच मिनिटांत दुरुस्त करेल, धन्यवाद म्हणेल आणि विहिरीवर जाईल. आणि नाही लिहिला तर? रोज संध्याकाळी सातला मंजूर झालेले बदल सगळ्या दवाखान्यांत आपोआप जायचे. मग काही आठवड्यांनी तक्रारी येतील. साहेब विचारतील, हे कुणी लिहिलं? सगळ्यांना युक्त्या शिकवणारीने.

तिने मंजुरीचं बटण दाबलं. खाली एक शब्द लिहिला: "छान."

मग ती खाली गेली, हरीशला चहा दिला. दुकानात मोटार भरायला आलेला एक म्हातारा बाकावर बसला होता. ती त्याच्याशी दोन शब्द बोलली. आशाबाई अंगणात शेवया वाळत घालत होत्या, त्यांना हातभार लावला. सगळं हसून करत होती. सासूबाई म्हणाल्यासुद्धा, "माहेरचं पाणी मानवलं बघ."

पण हात शेवयांवर फिरत असताना तिच्या डोळ्यांपुढे सारखी वासरं यायला लागली. कुणाची तरी विकत आणलेली कालवड. मोबाईलवर निरोपाची वाट बघत बसलेला तिचा मालक. तिने स्वतःला समजावलं की चूक आपण केलेली नाही. ते पटेना. कारण चूक करणारीला ती दिसली नव्हती आणि हिला दिसली होती.

सहा वाजून गेले होते. ती हात तसेच घेऊन वर धावली. रीताला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. रीताच्या नावापुढे तीच ओळ होती, विहिरीवर आहे.

मग ती स्वतःच दुरुस्तीला बसली. एवढंसं काम होतं. नोंदीच्या तारखेच्या जागी जन्मतारीख घ्यायची, विकत आणलेल्या वासराची एक नवी तपासणी जोडायची. वर लिहिलं, काय बदललं आणि कशासाठी. पण नियम तिलाही होता, आपला बदल आपल्याला मंजूर करता येत नाही. रीता नाही, टीममधले बाकीचेही काम आटपून गेलेले, म्हणजे उरले साहेब. तिने त्यांना पाठवला आणि फोन लावला.

साहेबांनी बदल उघडून वाचला. "बरं झालं पकडलंत. पण प्रियदर्शनी, हे तर दुपारी तुम्हीच मंजूर केलंय. तेव्हा कसं सुटलं नजरेतून?"

"सुटलं," असं म्हणता आलं असतं. त्यांनी ते धरून ठेवलं नसतं.

"सुटलं नव्हतं सर," ती म्हणाली. "दिसलं होतं."

पलीकडून बटण दाबल्याचा आवाज आला आणि तिच्या पडद्यावर मंजुरीची खूण उमटली. "सोमवारी बोलू," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. सातला दुरुस्त केलेला बदल सगळीकडे गेला.

रीताचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तिने गिटहबवर दोन्ही बदल एकाखाली एक बघितले होते, वेळेसकट. सांगायचं काही उरलं नव्हतं.

"ताई, तुमाला दिसलं होतं ना?"

"व्हय."

"मग दाबलं काहून?"

"तू पडावी म्हणून." प्रियदर्शनीचा आवाज कोरडा होता. "सगळ्यांसमोर."

"शेरे लिहायच्या तुमी, ते मला चालत होतं," रीता म्हणाली. "ते वाईट होतं, पण त्यात माझ्या कामाचं नुकसान नव्हतं. हे बराबर न्हाई केलं."

"न्हाई केलं."

"मी आता काही बोलत न्हाई, ताई. मला बोलता येणार न्हाई." तिने फोन ठेवला. या वेळी तिने माफ केलं नव्हतं. त्यामुळे प्रियदर्शनीला वाईट वाटलं आणि त्यातच कुठेतरी थोडं हलकंही वाटलं.

सोमवारी साहेबांनी तिला एकटीला बोलावून घेतलं. रागावले नाहीत. रीताचं काम तपासायची जबाबदारी त्यांनी काढून घेतली आणि टीममध्ये फिरती पाळी लावली. ज्याची पाळी असेल त्याने सगळ्यांचं वाचायचं, प्रियदर्शनीचंही. साहेबांनी कारण कुणाला सांगितलं नाही. रीतानेही सांगितलं नाही. पण लोकांना अंदाज येतोच. मीटिंगमध्ये काही दिवस तिच्याशी सगळे जरा जपून बोलत होते.

मृग लागायच्या सुमारास पाळी रीताकडे आली. प्रियदर्शनीने एक काम पूर्ण केलं होतं. तिने ते छोटे छोटे तुकडे करून पाठवलं, कारण तसं पाठवणंच शहाणपणाचं होतं हे तिला मान्य करावं लागलं होतं. मान्य करताना जळलंच. रीताने तासाभरात वाचलं. एकच शेरा होता: दवाखाना बंद असेल त्या दिवशीचं काय?

प्रियदर्शनी त्या ओळीकडे बघत बसली. खरंच राहिलं होतं ते. तिला वाटलं, हे मला कसं दिसलं नाही? आणि लगेच मागोमाग वाटलं, हिला कसं दिसलं? तीच जुनी जळजळ छातीत वर आली. ती कुठे गेली नव्हती आणि बहुधा जाणारही नव्हती. रीता तिच्यापेक्षा चांगली होती आणि दिवसेंदिवस आणखी चांगली होत जाणार होती. रोज सकाळी उठून हे तिला नव्याने गिळावं लागणार होतं.

तिने दुरुस्ती केली, पुन्हा पाठवली आणि खाली लिहिलं, "चुकलं होतं. आता बघ."

रीताने बघितलं. मंजूर केलं. पुढे एक शब्द जास्त लिहिला नाही.

खालून हरीशने हाक मारली, जेवायला चल म्हणून. रस्त्यावरून सोयाबीनच्या बियाण्याने भरलेला ट्रक गेला, काच थरथरली. प्रियदर्शनीने पुढचं काम उघडलं, ते कशासाठी करायचं हे तीन ओळींत लिहून काढलं, आणि मग लॅपटॉप मिटून जेवायला गेली.